चौथा चौकोन

केसरीनाथ शेठच्या दिवाणखान्यात दोन टीव्ही होते. भिंतीवरचा मोठा टीव्ही जून महिन्यापासून आवाज बंद करून चालायचा. त्याच्या शेजारी स्टुलावर छोटा टीव्ही होता आणि त्याच्या पडद्याचे चार भाग केलेले होते. पहिल्या चौकोनात गोडाऊनचं फाटक दिसे, दुसऱ्यात ट्रक उभे राहायची जागा, तिसऱ्यात आत रचलेल्या खोक्यांच्या रांगा. चौथ्या चौकोनात क्षितिजा दिसे.

क्षितिजा त्यांची एकुलती मुलगी. शेठ हे नाव मात्र अलीकडचं. चार वर्षांपूर्वीपर्यंत सगळं वडपे गाव त्यांना केसरी म्हणत असे. मग हायवेलगतच्या त्यांच्या भाताच्या खाचरांवर गोडाऊनं उभी राहिली. त्यातलं एक केसरीनाथांनी स्वतःकडे ठेवून एका कंपनीला भाड्याने दिलं, मागच्या बाजूला दुमजली बंगला बांधला, आणि लोकांनी आपोआप नावापुढे शेठ लावायला सुरुवात केली. बंगल्याच्या वरच्या मजल्यावर एकच खोली होती, मुलीच्या अभ्यासाची. एसी, टेबल, फिरती खुर्ची, पलंग, कॉम्प्युटर. ते स्वतः सातवीपर्यंत शिकलेले. पोरगी डॉक्टर होणार, हे त्यांनी जमिनीचे कागद केले त्याच आठवड्यात ठरवलं होतं.

कॅमेरे कंपनीने बसवले, दोन हजार आठ सालच्या मे महिन्यात. वॉचमन महादू रोज दुपारी फाटकाशी डोकं टेकून झोपायचा. कॅमेरा लागला त्या दिवसापासून त्याची झोप बंद झाली. केसरीनाथांना याचं फार नवल वाटलं. ओरडायला नको, उन्हातून फाटकापर्यंत जायला नको, घरात चहा पीत बसावं आणि तिकडे माणूस जागा. कॅमेरे बसवणाऱ्या भूपेशकडे एक कॅमेरा उरला होता.

"हा घरात लाव," ते म्हणाले.

"घरात? चोरांचा तरास हाय का शेठ?"

"चोर कुटले? पोरीची बारावी हाय."

भूपेशने तो अभ्यासाच्या खोलीत दाराच्या वर लावला. वायर जिन्यावरून खाली आणली. पडद्यावर क्षितिजाची पाठ दिसायची, डोकं, टेबलावरचा दिवा आणि अर्धं पुस्तक. चित्र काळंपांढरं आणि जरा थरथरतं होतं. पण मुलगी जागेवर आहे की नाही, एवढं कळत होतं.

पहिले काही दिवस क्षितिजाला त्याची गंमत वाटली. मेघालीला तिने फोनवर सांगितलं, "अगं, मी टीव्हीवर येते रोज, तीन ते आठ."

"हिरोईन हायस की मालिकेतली सासू?" मेघाली म्हणाली.

मेघाली तिची पहिलीपासूनची मैत्रीण. दहावीपर्यंत दोघी एकाच बाकावर बसल्या. भिवंडीच्या कॉलेजात मेघालीने आर्ट्स घेतलं आणि क्षितिजाने सायन्स. अकरावीत निदान एसटीचा प्रवास बरोबर व्हायचा. बारावी लागली तशी केसरीनाथांनी गाडी आणि ड्रायव्हर लावून दिला. "थांब्यावर वीस मिंटं फुकट जातात," ते म्हणाले. मोबाईलही त्यांच्याच कपाटात गेला. तो रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास मिळायचा. पहिल्या आठवड्यात रोज पंधरा-वीस मेसेज साठलेले असत. जुलैत ते तीन-चारवर आले. ऑगस्टमध्ये फक्त मोबाईल कंपनीचे यायला लागले.

यात कोणाची चूक आहे, असं क्षितिजाला वाटत नव्हतं. दिवसातून एकदाच उत्तर देणाऱ्याशी कोण किती बोलणार?

घरात मात्र तिच्यासाठी सगळं चाललं होतं. कुकर मागच्या पडवीत गेला, शिट्टीचा आवाज नको म्हणून. भांडी घासणाऱ्या बाईला ताकीद मिळाली. चुलतभावाच्या हळदीला सगळं घर गेलं, रात्रभर बेंजोपार्टीचं नाचगाणं चाललं, आणि ती वर खिडकी बंद करून बसली. कोणी घरी आलं की बाबा बोटाने वर दाखवत आणि हळू आवाजात बोलत. त्या घरात इतकी काळजी होती की तिच्याशी बोलायची कोणाची हिंमत होत नसे.

आणि अभ्यास होत नव्हता.

दहावीला तिला सत्त्याऐंशी टक्के होते, मराठी माध्यमातून. त्वरण म्हणजे काय ते तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. संवेग, जडत्व, अपवर्तन, हे सगळे शब्द तिच्या घरचे होते. अकरावीत ते एका दिवसात इंग्रजी झाले. वर्गात ऐंशी मुलं, सर फळ्याकडे तोंड करून भरभर बोलत. वही लिहून व्हायची. घरी येऊन वाचायला बसलं की एक वाक्य चार वेळा वाचावं लागे, आणि चौथ्या वेळी पहिला शब्द काय होता ते आठवत नसे. अकरावी तशीच ढकलली गेली. बारावीत ओळी जास्त झाल्या आणि डोकं कमी पडू लागलं.

जुलैत ती बाबांना म्हणाली होती, "पप्पा, वर एकटीला बरं नाय वाटत. मी खाली बसू का अभ्यासाला? आईच्या बाजूला?"

"एकटी कुटं बाय? आम्ही सगली बगतोच ना तुला." ते मनापासून बोलले होते. तिच्या डोक्यावरून हात फिरवून ते पुन्हा छोट्या टीव्हीसमोर जाऊन बसले.

सप्टेंबरात छातीत धडधडायला लागलं. पुस्तक उघडलं की सुरू व्हायचं आणि मिटलं तरी थांबायचं नाही. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. ऑक्टोबरात सहामाही झाली आणि फिजिक्समध्ये पन्नासात सहा गुण पडले. पेपर घरी आणून तिने दप्तराच्या वरच्याच कप्प्यात ठेवला. कोणीही पाहावा इतका वर.

"कसा झाला पेपर?" बाबांनी विचारलं.

"बरा."

"व्हनारच. मी बगतो ना."

पेपर बघायची त्यांना गरजच नव्हती. ते रोज स्वतःच्या डोळ्यांनी अभ्यास बघत होते.

दिवाळीची सुट्टी संपली त्या दिवशी क्षितिजाने पुस्तक उलटं ठेवलं.

आधी ते चुकून ठेवलं गेलं. दिव्याखाली केमिस्ट्री उघडी होती आणि अक्षरं डोक्यावर उभी होती. ती अर्धा तास त्यांच्याकडे बघत राहिली. आपण अर्धा तास उलटं पुस्तक बघतोय, हे ध्यानात आल्यावर तिने ते सरळ केलं नाही. बघू या, कोण येतं वर ते.

कोणी आलं नाही. चार वाजता कामवाली बाई दाराशी चहा ठेवून गेली, तसं तिला सांगितलेलंच होतं.

मग तिने ते पद्धतशीर करायला घेतलं. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मागे बरीच कोरी पानं होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम तिला ठाऊक होता. पहिला आठवडा, पुस्तक उलटं. निरीक्षण: फरक नाही. दुसरा आठवडा, पुस्तक उलटं आणि पान न उलटणे. निरीक्षण: फरक नाही. जेवताना पप्पा म्हणाले, आज मन लावून बसलीस. तिसरा आठवडा, डोळे मिटून बसणे. निरीक्षण: फरक नाही. चौथ्या आठवड्यात तिने डोक्यावरून ओढणी घ्यायला सुरुवात केली. डिसेंबर लागला होता, वाऱ्याला गारवा होता. निरीक्षण: रात्री पप्पांनी विचारलं, थंडी वाजते का, एसी बंद ठेव.

त्या रात्री ती बराच वेळ आनंदात होती. त्यांनी काहीतरी विचारलं होतं.

हे सगळं ती कशासाठी करते आहे, याबद्दल तिच्या मनात गोंधळ नव्हता. तिला पकडलं जायचं होतं. बाबांनी जिना चढून यावं, दार ढकलावं, ओरडावं, हवं तर मारावं. ओरडून झाल्यावर माणूस पलंगावर बसतो आणि विचारतो, काय झालंय? तेवढा प्रश्न तिला हवा होता. उत्तर कधीपासून तयार होतं.

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, तीन वाजायच्या आधीच, तिने पलंगावरचा लोड उचलून खुर्चीत उभा केला. त्याला आपला करडा स्वेटर घातला. वर टॉवेलचा गोळा ठेवला, त्यावरून ओढणी घेतली आणि ती स्वेटरच्या आत खोचली. दिवा जरा पुढे सरकवला. दोन तास कोणी आत आलं नाही, तेव्हा चप्पल न घालता ती जिन्यावर आली आणि एकेक पायरी उतरत खाली गेली.

दिवाणखान्यात पाहुणे होते. दिघाशीची आनंदीआत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, आपल्या कुणालच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आली होती. चिंधूकाका, बाबांचे चुलतभाऊ, नेहमीसारखे सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. तिघांची तोंडं छोट्या टीव्हीकडे होती. जिना त्यांच्या पाठीमागे उतरत होता.

"किती वेल बसलीय रं ती?" आत्या विचारत होती.

"तीनच्या ठोक्याला बसली. बग, जागची हलली पन न्हाय."

"आमची करिष्मा दहा मिंटं बसंल तर मी मिशी काढीन," चिंधूकाका म्हणाले. "बूड टेकलं की तिला तहान लागते, मुतायला लागते, सगलं लागतं."

"तिला पन कॅमेरा लाव."

"तिला लावला तर कॅमेरा पलून जाईल घरातून."

आत्या पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "पन केसरी, हलदीला तरी आन तिला. कुनाल रोज विचारतो, क्षितू येनार ना? एक रात तर हाय."

"मार्च जाऊ दे. मग नाच म्हनावं म्हैनाभर."

क्षितिजा शेवटच्या पायरीवर उभी होती. पडद्यावर ती बसलेली होती. खांदे जरा वाकलेले, डोकं पुस्तकावर झुकलेलं. हुबेहूब. तिच्या मनात आलं, ही मुलगी किती थकलेली दिसते. खरं सांगायचं तर लोड तिच्यापेक्षा बरा बसला होता.

तिने एक पाऊल पुढे टाकलं. जिन्याच्या कठड्याला तिची बांगडी लागली आणि वाजली.

"शूऽऽ," केसरीनाथ मान न वळवता म्हणाले. "आवाज नको. पोरगी अभ्यास करते वर."

ती तिथेच थांबली. स्वयंपाकघराच्या दारातून तिची आई, कमळा, चहाचा ट्रे घेऊन येत होती. आईने जिन्यापाशी उभी असलेली मुलगी पाहिली. मग पडद्याकडे पाहिलं. पुन्हा मुलीकडे पाहिलं. ट्रेमधला एकही कप हलला नाही. आईने मान खाली घातली.

आई दचकली नाही, हे क्षितिजाने नीट पाहिलं. तेव्हा तिला कळलं की आईला ठाऊक आहे.

"पप्पा," ती म्हणाली, "ती मी नाय. तो लोड हाय."

तिघांनी एकदम माना वळवल्या. आत्या ओरडली, "अगो बाय माझे!" आणि छातीवर हात मारून घेतला. चिंधूकाका आधी टीव्हीकडे बघत राहिले, मग क्षितिजाकडे, मग त्यांना हसू फुटलं ते थांबेना. "केसरी! आरं केसरी! दोन तास तू लोडाला डॉक्टर करीत बसलास!"

केसरीनाथ हसले नाहीत. ते पुन्हा पडद्याकडे बघत होते. उठून जवळ गेले, काचेला नाक लागेल इतके जवळ, आणि चौथा चौकोन निरखून पाहिला. मग वळले. आता ते विचारणार होते.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

कित्येक महिने ती एका प्रश्नाची वाट बघत होती. तो हा नव्हता.

"लोड आजच. पण पुस्तक दिवाळीपास्नं उलटं हाय." मग ती थांबलीच नाही. "मना काय येत न्हाय पप्पा. फिजिक्सला पन्नासात सहा आले, पेपर दप्तरात हाय. मना वाचताच येत न्हाय. एक ओळ वाचली की पुढची वाचेपर्यंत पहिली जाते. छाती धडधडते, थांबत न्हाय. रात्री झोप येत न्हाय. मी दिवसभर कोणाशी एक शब्द बोलत न्हाय. माझा आवाज मना कधी कधी ओळखू येत न्हाय."

चिंधूकाकांचं हसू मध्येच अडकलं. आत्या पुढे झाली आणि तिने क्षितिजाचा दंड धरला. "हात बग किती गार पडलेत. केसरी, पोरीला बरं न्हाय. कल्यानला न्हे, चांगल्या डॉक्टरला दाव."

"डॉक्टरला काय दावायचं? तीच डॉक्टर व्हनार हाय." ते बहिणीवर ओरडले. लाजेने त्यांचे कान लाल झाले होते. पाहुण्यांसमोर, स्वतःच्या घरात, रोज ज्याच्याकडे बोट दाखवून त्यांची छाती फुगायची त्या पडद्याने त्यांना फसवलं होतं. थोडा वेळ ते स्टुलापाशी उभे राहिले. मग त्यांना चूक सापडली. चेहरा निवळला.

"पाठीमागून लावला ना," ते म्हणाले. "समोरून लावाया पायजे व्हता." आणि खिशातून मोबाईल काढून त्यांनी भूपेशला फोन लावला.

क्षितिजा वर गेली. लोड खुर्चीतच होता. तो उचलायचं तिच्या जिवावर आलं. ती पलंगाच्या कडेला बसून राहिली. थोड्या वेळाने दार वाजलं. आई आत आली. हातात ताटली होती, तांदळाची अर्धी भाकरी आणि सुकटाची चटणी. सहा महिन्यांत आई पहिल्यांदा या खोलीत येत होती. कुठे बसावं ते तिला कळेना. लोडाकडे बघत ती पलंगावर टेकली.

"मना ठावं व्हतं," आई म्हणाली.

"कधीपास्नं?"

"पानं पलटायची थांबलीस तवापासून. आधी पलटायचीस. मना अक्षर वाचता येत न्हाय, पन पान पलटलेलं कलतं. दुपारची मी एकटीच असते ना. शेती व्हती तवा हात रिकामे नसायचे. आता तुला बगत बसते. तू डोकं खाजवलंस, मान मोडलीस, सगलं बगते. बरं वाटतं जिवाला."

"मग वर का नाय आलीस?"

आईने ताटलीची कड बोटाने पुसली. "तुझे पप्पा बोल्ले व्हते, कोनी जायचं न्हाय. आनि मी येऊन काय बोलनार? मना त्यातलं काय कलतं?"

"मला कोणी शिकवायला नको होतं गो. नुसतं बसायचं होतं. आता बसलीस तशी."

आई जरा सरकली आणि तिने हात उचलून क्षितिजाच्या मानेमागे घातला, गुंतलेल्या केसांत. बोटं खरखरीत होती. भात लावून लावून झालेली ती खरखर चार वर्षांत गेली नव्हती. क्षितिजाने डोळे मिटले. छातीतली धडधड होती, पण ती दूर कुठेतरी, हायवेवरच्या ट्रकसारखी चालली होती. असं किती वेळ झालं तिला सांगता आलं नसतं. दीड मिनिट असेल. दोन असतील.

"कमलाऽ!" खालून हाक आली. "काय बसलीस तितं? पाहुनी निगाली. आनि तिला बसू दे आता, अर्धा दिस वाया गेला तिचा."

आईने मान वर करून सरळ दारावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्याच्या झाडाला हात लावताना कोणी पाहावं, तसा तिने केसांतला हात झटकन काढून घेतला. पदर सावरला.

"आई, थोडा वेळ."

"खा ते. गार झालं." ती उठली. दारात थांबली, पण मागे वळून पाहिलं नाही. डोक्यावर कॅमेरा असताना काय करावं ते तिलाही माहीत नसावं. मग तिची पावलं जिना उतरत गेली.

सोमवारी भूपेश आला. खिडकीच्या वर, टेबलाच्या अगदी समोर त्याने नवा कॅमेरा बसवला. हा रंगीत होता. "ताई, जरा बसा खुर्चीत," तो म्हणाला, "फोकस करतो." ती बसली. त्याने मोबाईल कानाला लावला. दिवाणखान्यातून केसरीनाथ बोलत होते आणि त्यांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "हां, आला. तोंड आलं. डोलं पन दिसतात. एक नंबर!"

"आता असली-नकली चालनार न्हाय," भूपेश तिच्याकडे बघून हसत म्हणाला आणि शिडी घडी करून निघून गेला.

क्षितिजाने पुस्तक सरळ ठेवलं. वाचणाऱ्या माणसाचे डोळे डावीकडून उजवीकडे जातात. ओळीच्या टोकाशी क्षणभर थांबतात आणि पटकन मागे येतात. हे जमायला तिला दोन दिवस लागले. एका ओळीला चार सेकंद, पानाला बत्तीस ओळी. म्हणजे दोन मिनिटं आणि आठ सेकंद झाली की पान उलटायचं, मध्ये एकदा पेन्सिलीने काहीतरी खुणेचं करायचं, दर अर्ध्या तासाने कपाळावर आठी घालायची.

खाली पुन्हा चहा, पुन्हा पाहुणे, पुन्हा बोटाने वर दाखवणं सुरू झालं. कमळा दुपारी एकटी त्या टीव्हीसमोर बसे. पोरीचा चेहराही आता दिसत होता आणि पानंही उलटली जात होती. बिचारीचा जीव भांड्यात पडला.

मार्चपर्यंत क्षितिजा एकदाही चुकली नाही.